मधले तीन आखूड

आमच्या दुकानात चूक होत नाही. हे मी म्हणत नाही, सगळा रस्ता म्हणतो. समोरचा चष्मेवाला म्हणतो, कोपऱ्यावरचा शिंपी म्हणतो, आणि आमचा लॅपटॉपच्या सुट्या भागांचा व्यापारी तर नव्या गिऱ्हाइकांना स्वतःहून सांगतो, "मास्तरांच्या हातून गेलेलं मशीन परत येत नाही." मास्तर म्हणजे माझे सासरे. ऐन उमेदीत ते रेडिओ दुरुस्तीचे वर्ग घ्यायचे. वर्ग बंद पडले, रेडिओही बंद पडले, पण मास्तर हे नाव काही बंद पडलं नाही. गेली वीस-बावीस वर्षं ते लॅपटॉप उघडतात आणि मिटतात.

ते वाक्य कुणी म्हणालं की हल्ली मी दुसरीकडे बघते. मशीन परत का येत नाही ते मला ठाऊक आहे. निदान गेली दोन वर्षं ते परत येत नव्हतं याचं कारण मी होते.

लग्नाआधी मी एका कचेरीत दिवसभर आकडे भरायचे. लग्नानंतर गाव बदललं, नोकरी सुटली, आणि घरात बसून मी भिंतींशी बोलायच्या बेताला आले होते. एक दिवस मास्तर जेवता जेवता म्हणाले, "कंटाळत असशील तर दुकानात येत जा." नवरा हसला. तो विमा कंपनीत आहे. त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला तर तो पाठ खाजवेल. बाप एवढा कारागीर आणि मुलाला बल्ब बदलायला शेजारी लागतो, असं मी थट्टेत म्हणायचे तेव्हा मास्तर मिशीत हसायचे. मी त्यांची लाडकी होते असं मला वाटायचं. वाटण्याला काय लागतं!

पहिले सहा महिने मी फक्त स्क्रू काढले. मास्तरांची एक पद्धत होती आणि ती त्यांनी माझ्या हाडांत मुरवली. कोऱ्या कागदावर मशीनच्या तळाची चौकट काढायची, ज्या भोकातला स्क्रू असेल त्याच जागी तो कागदावर ठेवायचा, आणि वरून चिकटपट्टी लावायची. बंद करताना कागद शेजारी ठेवायचा, एकेक स्क्रू उचलायचा आणि त्याच्या त्याच्या घरी पाठवायचा. लोकांना सगळे स्क्रू सारखे दिसतात. ते सारखे नसतात. कडेचे लांब असतात, मधले आखूड, कारण मधल्या भोकांच्या खाली मुख्य बोर्ड अगदी चिकटून असतो. आखूडच्या जागी लांब गेला तर तो थांबत नाही, थेट बोर्डात घुसतो. फिरवताना थोडा जड लागतो, एवढंच. बोटाला ते कळलं नाही तर मशीन मेलं.

म्हणून ते मला डोळे मिटायला लावायचे आणि तळहातावर स्क्रू ठेवायचे. "लांब की आखूड?" चुकले की स्क्रू ड्रायव्हरची मूठ टेबलावर टक्कन आपटायची. बोलणं काही नाही, नुसतं टक्. त्या आवाजानं मी झोपेतही दचकायचे. चार वर्षांनी एकदा ते व्यापाऱ्याला म्हणाले, "हिचा हात बरा आहे." बरा! पण ते वाक्य मी तीन दिवस मनात घोळवत फिरले.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी माझ्यावर सोडली नाही. उघडणं, फॅन बदलणं, जुनी डिस्क काढून नवी बसवणं, बॅटरी घालणं हे सगळं मी करायचं, पण झाकण ते लावणार. "शेवटचा हात माझा," असं ते म्हणत. गिऱ्हाइकाला मशीन देताना झाकणावर दोन बोटं ठेवून "झालं" म्हणायचे. त्या "झालं"वर लोकांचा भरवसा होता.

दोन वर्षांपूर्वी ते एका वकिलाचं मशीन बंद करून जेवायला घरी गेले, आणि मी ते उचललं तर आत काहीतरी खुळखुळलं. उघडून बघितलं. एक स्क्रू आत मोकळा पडला होता, आणि बॅटरीची पिन अर्धीच बसली होती. मी बसवली, बंद केलं, गप्प राहिले. कुणाचंही होतं एखाद्या वेळी. चार दिवसांनी एका शाळेच्या मशीनमध्ये पातळ केबल झाकणाच्या कडेत चिमटली गेली होती. मग मी लक्ष देऊ लागले. मास्तर स्क्रू उचलायचे तेव्हा तो बोटांतून दोनदा निसटायचा. तिसऱ्यांदा सापडायचा. चहाचा गरम पेला ते सहज हातात धरून बसायचे, तो आम्हाला धरवायचा नाही. बोटांची शुद्ध गेली होती त्यांच्या. साखरेनं गेली असेल किंवा वयानं. पट्टीखालचे स्क्रू एकेक उचलायचं सोडून ते सगळे एकदम तळहातावर घ्यायला लागले होते, आणि त्या तळहाताला आता काही कळत नव्हतं.

मी काय करायला हवं होतं? नवऱ्याला सांगायचं? तो घरभर बोभाटा करणार. मास्तरांना सांगायचं? कुठल्या तोंडानं? जिला स्क्रू धरता येत नव्हता तिनं ज्यानं शिकवला त्याला सांगायचं, की तुम्हाला आता स्क्रू धरता येत नाही? मला ते जमलं नाही. त्यांची दया आली म्हणा, माया म्हणा. आज मला त्या मायेची शिसारी येते, पण तेव्हा होती ती खरी होती.

तर मी असं ठरवलं. मास्तर रोज एक वाजता जेवायला जात आणि तासभर पडून तीनला येत. त्या दोन तासांत त्यांनी सकाळी मिटलेलं प्रत्येक मशीन मी पुन्हा उघडायचे. स्क्रू मोजायचे, बदलायचे, पिना दाबायचे, चालवून बघायचे, मिटायचे. दुपारनंतर मिटलेली मशीनं मी "गिऱ्हाईक उद्या येणार आहे" असं सांगून थांबवायचे आणि दुसऱ्या दुपारी उघडायचे. जेवणाचा डबा मी उभ्यानं खायचे. दोन वर्षं. एकही मशीन परत आलं नाही आणि मास्तरांचं नाव आणखी मोठं झालं. चष्मेवाला म्हणायचा, "या वयात काय हात आहे!" मी मान डोलवायचे.

गेल्या वर्षअखेरीला मास्तर जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढच्या पहिल्या तारखेपासून दुकान सूनबाई बघेल. पाटीवर तिचं नाव घाला. मी येईन, चहा पिईन, गप्पा मारीन." नवऱ्यानं डोळे मोठे केले. मी ताटातली भाजी चिवडत राहिले, कारण मान वर केली असती तर रडू फुटलं असतं. दुकानातल्या अकरा वर्षांत मी कुठलीही गोष्ट एवढ्या मनापासून मागितली नव्हती, आणि ही तर न मागता मिळत होती. आणखी एक सुटका होती त्यात, ती फक्त मला माहीत होती. पहिल्या तारखेनंतर शेवटचा हात माझा होणार होता. मग कुणाच्या पाठीमागे काही उघडायची गरज उरणार नव्हती.

पहिल्या तारखेला तीन आठवडे होते तेव्हा नर्सबाई आल्या.

हॉस्पिटलमधून थेट आल्या होत्या, पायात त्या मऊ तळाच्या चपला तशाच. मशीन जुनं, तापायचं, रडत रडत चालायचं. त्यांची एक परीक्षा होती, घरी बसून मशीनवरच द्यायची. ती पार पडली की त्यांना अतिदक्षता विभागात बढती मिळणार होती आणि रात्रपाळ्या कमी होणार होत्या. "दोन वर्षांतून एकदाच असते हो," त्या म्हणाल्या. "मध्येच बंद पडायला नको." परीक्षा शुक्रवारी सकाळी दहाला. मी म्हटलं, निश्चिंत राहा. नवा फॅन, नवी डिस्क, नवी बॅटरी, आतली धूळ साफ. बुधवारी संध्याकाळी माझं सगळं काम झालं. मी झाकण न लावता चालवून बघितलं, सुरेख चाललं. कागदावर चौकट काढलेली होती, कडेला सात लांब, मध्ये तीन आखूड. आखूड तिघांभोवती मी लाल गोल केला होता. असा गोल मी दोन वर्षं प्रत्येक कागदावर करत होते, मास्तरांना बरं पडावं म्हणून.

गुरुवारी माझ्या आईच्या पायाचं प्लॅस्टर काढायचं होतं. दुसरं कुणी नव्हतं. मी सकाळच्या गाडीनं गेले आणि दुपारी दुकानात फोन केला.

"बाबा, नर्सबाईंचं मशीन मी आल्यावर देते हां. मी संध्याकाळपर्यंत येते."

"का गं? मी मेलोय का?"

"तसं नाही, पण मला एकदा..."

"काय एकदा? काम झालंय ना तुझं? झाकण लावायला किती अक्कल लागते! तू आईकडे बघ."

नर्सबाई पाचला आल्या आणि मशीन घेऊन गेल्या. मी दुकानात पोचले ती सात वाजून गेल्यावर. टेबल रिकामं होतं. कागद गोळा होऊन केरात पडला होता.

शुक्रवारी साडेदहाला त्या दारात उभ्या होत्या. मला वाटलं आरडाओरडा करतील. केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी मशीन काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "रात्री चाललं. सकाळी नऊला चालू केलं, नऊ वाजून दहा मिनिटांनी बंद पडलं. मग झालंच नाही सुरू. मी शेजारून लॅपटॉप मागून आणला तोवर दहा वाजून गेले होते, दार बंद झालं होतं परीक्षेचं."

दुकानात चार माणसं होती. चष्मेवालाही काही कामानं आला होता. मास्तरांनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "सूनबाईनं केलं होतं ते काम. शिकतेय ती अजून."

शिकतेय अजून! अकरा वर्षं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गिऱ्हाइकासमोर दुकानात दोन तोंडं नसावीत, हेही त्यांनीच शिकवलेलं. मला वाटलं, आत्ता वेळ मारून नेताहेत, मागाहून सावरून घेतील. मी मान खाली घातली. नर्सबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी रोज माणसांना सुया टोचते. 'शिकतेय अजून' म्हटलेलं मला चालत नाही हो." त्यांचा आवाज चढला नाही. मी "माफ करा" म्हटलं. माझ्या आयुष्यात मी इतकं खोटं "माफ करा" कधी म्हटलं नव्हतं, आणि इतकं खरंही.

त्या गेल्यावर मी मशीन उघडलं. बाहेरूनच कळत होतं, कडेच्या एका भोकात आखूड स्क्रू डगडगत होता. म्हणजे त्याच्या वाट्याचा लांब मध्ये गेला होता. मधला दुसरा स्क्रू बाहेर काढला तर लांब निघाला. त्याच्या खाली बोर्डाला टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा पडला होता आणि आतलं तांबं चमकत होतं. रात्री कसंबसं चाललं असेल, सकाळी तापल्यावर गेलं. मी स्क्रू तळहातावर घेऊन मास्तरांसमोर धरला.

"बाबा, हा मध्ये होता."

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "कागदावर तू उलटे लावले असशील."

"मी लाल गोल केला होता."

"मग दाखव कागद."

कागद केरवाला सकाळी घेऊन गेला होता. हे त्यांना ठाऊक होतं. निदान मला तरी तसं वाटलं.

बोर्ड आम्ही आमच्याकडून नवा बसवून दिला. डिस्कवरचं सगळं नर्सबाईंना जसंच्या तसं मिळालं, फक्त परीक्षा मिळाली नाही. त्यांनी मशीन नेलं तेव्हा कुणी "झालं" म्हणालं नाही.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. बोटांचं सांगितलं, दोन वर्षांचं सांगितलं, दुपारच्या उघडझापीचंही सांगितलं. तो ऐकत होता, आणि मला दिसत होतं की त्याच्या चेहऱ्यावर अविश्वास आधीच येऊन बसलाय.

"बाबांचं एक तरी मशीन परत आलंय का दोन वर्षांत?" त्यानं विचारलं.

"नाही आलं, कारण मी..."

"एकही नाही आलं. आणि आलं ते कोणतं? तू ज्यावर काम केलंस ते."

विम्याचे दावे फेटाळतात ते असेच. सगळे कागद त्याच्या बाजूनं होते, आणि ते मीच दोन वर्षं बसून तयार केले होते. बाबा चुकत नाहीत याचा एवढा भक्कम पुरावा दुसऱ्या कुणी दिला नसता.

"चूक झाली तर झाली," तो मायेनं म्हणाला, आणि त्या मायेनं मला जास्त लागलं. "म्हाताऱ्या माणसावर कशाला ढकलतेस?"

नणंदेचा फोन आला. तिनं आधी माझ्या आईच्या पायाची चौकशी केली, मग म्हणाली, "वहिनी, टेन्शन घेऊ नका हां. पण दुकानाचं इतक्यात नको. बाबा आहेत तोवर बाबाच बघू देत." ही बाई स्वतःचा चार्जर सॉकेटमध्ये नीट घालत नाही, पण दुकान कुणी बघावं ते तिला कळत होतं.

पहिल्या तारखेला पाटी बदलली नाही. मला काउंटरवर बसवलं. मशीन घ्यायचं, चिठ्ठी लिहायची, मशीन द्यायचं. माझ्या खुर्चीवर मास्तर बसले. उघडायचेही तेच, मिटायचेही तेच. रोज एकला ते जेवायला जायचे, मी जागची उठायचे नाही. पाठीमागे टेबलावर मिटलेली मशीनं असायची. मी हात मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत बसायचे. दुसऱ्या आठवड्यात दोन मशीनं परत आली. मास्तर गिऱ्हाइकांना म्हणाले, हल्ली सुटे भागच हलके येतात. गिऱ्हाइकांनी मान डोलवली. एकानं तर माझ्याकडे बघून भुवई उडवली, जणू काउंटरवर बसल्या बसल्याही मीच बिघडवते.

तेव्हा मला राहवलं नाही. सकाळी दुकान उघडून केर काढून झाला होता, गिऱ्हाईक अजून नव्हतं. मास्तर टेबलापाशी दिव्याचं बटण चाचपत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, मला तुमच्याकडून काही नको. दुकान नको, पाटी नको. फक्त तुमच्या मुलाला एकदा सांगा, तो स्क्रू मी नव्हता लावला."

त्यांचा हात बटणावरच राहिला.

"तुम्हाला बोटांनी कळत नाही आता. मला दोन वर्षांपासून माहितीये. तुम्ही मिटलेलं एकूण एक मशीन मी उघडून बघितलंय. एकूण एक! तुमचं नाव जाऊ नये म्हणून. तुम्हाला कळू नये म्हणून मी उभ्यानं जेवले दोन वर्षं."

मला वाटलं, आता ते कोसळतील. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मला बघायचं होतं. ते खुर्चीवर बसले, दिवा लावला, आणि त्याच्या पत्र्याच्या टोपीवर हात ठेवला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"तीनला मी यायचो तेव्हा हा दिवा गरम असायचा. मी लावून गेलेला नसायचा. इतपत ऊब अजून कळते हाताला." ते माझ्याकडे बघत नव्हते. "दोन वर्षं रोज गरम. मी म्हटलं, पोरगी बघतेय. चला, काळजी नाही."

दोन वर्षं मी ज्यांच्यापासून लपवत होते ते दोन वर्षं माझ्या भरवशावर बिनधास्त स्क्रू फिरवत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग मान वर करून, शिकवताना विचारायचे त्याच आवाजात, अगदी रास्त प्रश्न असल्यासारखं त्यांनी विचारलं, "मग त्या दिवशी का नाही बघितलंस?"

मला ओरडायचं होतं. मी नव्हतेच इथे, मी फोन केला होता, तुम्हीच झिडकारलंत, हे सगळं जिभेवर होतं. पण त्याच्या आधी माझ्या डोक्यात दुसरंच आलं. त्या दिवशी मी निघताना आईनं चहा टाकला होता. प्लॅस्टर निघालेल्या पायावर पहिल्यांदाच उभं राहून टाकला होता, म्हणून मी बसले आणि तीनची गाडी सोडून पुढची घेतली. तीनच्या गाडीनं मी पाचच्या आत दुकानात पोचले असते.

मास्तरांच्या त्या प्रश्नावर मी गप्प उभी राहिले, आणि मी गप्प आहे हे बघून त्यांनी मान हलवली, जणू त्यांचं म्हणणं मला पटलं. मला सगळ्यात जास्त राग त्यांचा नाही येत. क्षणभर ते मला खरंच पटलं होतं, याचा येतो.